घर घ्यायचे, पण नाव लपवून नाही



गेल्या वर्षी आम्ही बारामतीत घर घेतले. भिगवण रस्त्याच्या बाजूला पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची एक बंगल्यांची कॉलनी आहे. दोन्ही अंगांना कडुलिंब आणि गुलमोहर, मधून डांबरी रस्ता, दुपारी तीन वाजताही त्या रस्त्यावर सावली. बारामतीचे ऊन ज्याने सोसले आहे त्याला या सावलीची किंमत सांगायला नको.

घर घेतल्यावर दोन वाक्ये आम्हाला ऐकवली गेली. कॉलनीतले एक गृहस्थ चहा पिता पिता म्हणाले, "तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही हो." दुसरे वाक्य आपल्याच एका तरुण कार्यकर्त्याचे. तो म्हणाला, "दादा, ताई, वस्ती सोडली ना? मग आता चळवळ बी सोडा." पहिल्या वाक्याने राग आला. दुसऱ्याने झोप गेली. हा लेख दोघांनाही उत्तर म्हणून लिहीत आहोत. त्यात आमची एक चूकही कबूल करायची आहे, कारण ती चूक आज आपल्यातली अनेक शिकलेली कुटुंबे करत आहेत.

आधी आम्ही कुठून आलो ते सांगतो. आमचे गाव इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात. १८८० च्या दशकात हा कालवा सुरू झाला आणि दुष्काळी माळावर ऊस उभा राहिला. पण पाणी जमिनीला मिळते, माणसाला नाही. ज्याची जमीन त्याचा ऊस, त्याचाच कारखान्याचा शेअर, त्याचीच मुले पुण्याला. आमच्या आजोबांकडे महार वतनाचा तुकडा होता. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने गेली. जमिनी परत मिळाल्या त्या नव्या शर्तीवर, आणि कागदपत्रे सांभाळायला घरात अक्षर कुणाला येत होते? तुकडा हातचा गेला. आजी दुसऱ्यांच्या बांधावर खुरपत राहिली.

गावात आमची वस्ती ओढ्याच्या अलीकडे. आपल्या भागातल्या कितीतरी गावांत या वस्तीला 'राजवाडा' म्हणतात. नावात राजा, पण रस्ता शेवटी येतो आणि नळही शेवटी येतो. पुढे घरकूल आले. रमाई आवास योजनेचे घर म्हणजे २६९ चौरस फूट. आम्ही त्या योजनेला नावे ठेवत नाही. कुडाच्या भिंती जाऊन विटांच्या आल्या हे खरेच आहे. पण २६९ चौरस फुटांत चूल बसते, खाट बसते, पाहुणा आला तर पाय दुमडून बसतो. दारात झाड लावायला जागा उरत नाही. आमच्या वस्तीत माणसाला सावली मिळायची ती देवळाच्या पारावर, आणि त्या पारावर आपली माणसे बसत नसत.

वडील काही वर्षे वालचंदनगरला कामाला जायचे. तिथल्या वसाहतीतली झाडे, रांगेतली घरे, घरापुढचा वाफा हे सगळे ते गावी येऊन सांगायचे. आईला ते खोटे वाटायचे. "माणसं ऱ्हायलीत का झाडं ऱ्हायलीत तिथं?" असे ती विचारायची. झाडाखालचे घर ही कल्पना आमच्या घरात अशी आली.

आम्ही दोघे शिकलो. एकाने समाजशास्त्रात एम.ए. करून सामाजिक कामात पाऊल टाकले, दुसरी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली. मुलगी शाळेत जायच्या वयाची झाली तसे आम्ही बारामतीत भाड्याने घर शोधायला लागलो. इथून आमची चूक सुरू होते.

बारामतीत 'तुमची जात कोणती' असे कुणी विचारत नाही. तसे विचारणे आता असभ्य मानतात. त्याऐवजी एजंट विचारतो, "आडनाव काय म्हणलात?" आमचे आडनाव गावावरून पडलेले, शेवटी 'कर'. त्यावरून काही कळत नाही. मग दुसरा प्रश्न, "पाव्हणं कुठलं तुमचं?" त्यानेही भागले नाही तर तिसरा, "गावात घर कुठल्या अंगाला?" हा तिसरा प्रश्न चुकत नाही. आपल्या गावाचा नकाशाच जातीने आखलेला आहे. घर ओढ्याच्या कोणत्या बाजूला आहे एवढे सांगितले की सगळे सांगून झाले. आणि शेवटी, "व्हेज ना तुम्ही?" समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही जातीवर पुस्तके वाचली होती. या चार प्रश्नांइतका नेमका धडा कुठल्याच पुस्तकात नव्हता.

आम्ही काय केले? आडनाव सांगितले आणि गप्प बसलो. तिसऱ्या प्रश्नाला "गावात आता कुणी राहत नाही" असे उत्तर दिले. ते खोटे होते. आई तेव्हा त्याच घरकुलात राहत होती. घर मिळाले. चांगले होते, हवेशीर होते. तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो आम्ही आतल्या खोलीत ठेवला. दिवाणखान्यात निसर्गचित्र लावले. १४ एप्रिलला निळा गमछा पिशवीत घालून बाहेर पडायचो आणि चौकात गेल्यावर गळ्यात घालायचो. सभेत 'ताठ मानेने जगा' म्हणून भाषण करायचो आणि रात्री जिन्यावरून आवाज न करता घरी यायचो. आई राहायला आली की तिच्या बोलण्यावरून कळेल म्हणून आमच्या जिवाची घालमेल व्हायची. स्वतःच्या आईची! हे लिहिताना आजही मान खाली जाते.

एके दिवशी मुलीची मैत्रीण घरी खेळायला आली. तिने सहज विचारले, "तुमचा देव कुठाय?" सात वर्षांची आमची मुलगी म्हणाली, "आमच्याकडे देव नाही, बाबासाहेब आहेत. पण ते आत असतात. पाहुणे असले की बाहेर येत नाहीत."

तिला आम्ही हे शिकवले नव्हते. तिने पाहिले होते. ज्यांनी आम्हाला आतून बाहेर आणले त्यांना आम्ही बाहेरून आत नेऊन ठेवले होते, आणि पोरीला तो घरचा नियम वाटला होता. त्या रात्री आम्ही दोघांनी ठरवले. पुढचे घर आपले असेल, झाडाखाली असेल आणि पहिल्या भेटीतच कोण आहोत ते सांगून घेतलेले असेल.

इथे कुणी म्हणेल की हे तुमच्या मनातले भय आहे, शहरात आता जात उरली नाही, पैसा असला की घर मिळते. त्यांच्यासाठी दोन अभ्यास. त्रिना विठयाथिल आणि गायत्री सिंग यांनी देशातल्या सात मोठ्या महानगरांची २००१ च्या जनगणनेची आकडेवारी तपासली. त्यांचा लेख २०१२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त आला. निष्कर्ष असा की या शहरांत कोण कुठे राहतो याची विभागणी आर्थिक स्थितीपेक्षा जातीवरून अधिक होते. दुसरा अभ्यास सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१५ चा, त्याच साप्ताहिकातला. दिल्ली परिसरात भाड्याचे घर शोधताना नाव उच्चवर्णीय असेल, दलित असेल आणि मुस्लिम असेल तर काय होते हे त्यांनी प्रत्यक्ष तपासले. उच्चवर्णीय नावाला दार उघडे. दलिताला नकार किंवा वाढीव अटी. मुस्लिमाला त्याहून जास्त नकार. हा शेवटचा मुद्दा आपणही लक्षात ठेवला पाहिजे. या रांगेत आपण एकटे उभे नाही.

आमच्या शोधाकडे परत येतो. या वेळी आम्ही पहिल्याच भेटीत सांगायचो, "आम्ही बौद्ध आहोत, गाव इंदापूर तालुक्यात. घर पसंत आहे, बोलूया." पहिल्या घराच्या मालकांनी आठ दिवसांनी कळवले की मुलाचा विचार बदलला, विकायचे नाही. महिनाभराने त्या घरावर दुसऱ्याचे नाव लागले. दुसऱ्या ठिकाणी इसार देऊन झाला होता, पावतीही झाली होती. मालक स्वतः येऊन पैसे परत देऊन गेले. हात जोडून म्हणाले, "माझं काही नाही हो, शेजारी ऐकत नाहीत." हा 'शेजारी' कुठेच सापडत नाही. त्याच्यावर गुन्हा नोंदवता येत नाही, कारण तो कधी समोर बोलत नाही.

तिसरे घर एका निवृत्त शिक्षिकेचे. त्या मुलांकडे पुण्याला निघाल्या होत्या. आम्ही बौद्ध आहोत हे ऐकून त्यांनी एकच विचारले, "कर्ज मंजूर आहे ना?" व्यवहार झाला. दुय्यम निबंधक कार्यालयात घर बाईच्या नावावर नोंदवले. महाराष्ट्रात २०२१ पासून महिलेच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ती घ्याच. पण आमच्यासाठी सवलतीपेक्षा मोठी गोष्ट वेगळी होती. ज्या घराण्यातल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर खुरपत होत्या, त्या घराण्यातल्या बाईचे नाव मालक म्हणून कागदावर आले. हिंदू कोड बिलासाठी ज्यांनी मंत्रिपद सोडले त्यांची आठवण त्या खिडकीपाशी उभे असताना झाली.

पुढचा अडथळा संस्थेच्या सभासदत्वाचा. अर्ज दिला. कधी बैठक झाली नाही, कधी चेअरमन गावाला गेले होते, कधी एक झेरॉक्स कमी होती. तेव्हा आम्ही भांडलो नाही, कायदा वाचला. तरुणांनी हे टिपून ठेवावे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम २३ प्रमाणे, पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. कलम २२ प्रमाणे अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवावा लागतो. कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाते. म्हणून अर्ज तोंडी करू नका. लेखी द्या, पोच घ्या, तारीख घाला. आमच्या पोचेवर शिक्का होता. तीन महिने पुरे व्हायच्या आधी ठराव झाला.

नंतर बहिष्काराचा प्रकार झालाच तर दोन कायदे आहेत. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा गुन्हा स्पष्टपणे आला. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा केला, तो २०१७ मध्ये लागू झाला. पण कायद्याची उणी बाजूही सांगितली पाहिजे. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते यांचा उल्लेख आहे. खासगी घराच्या खरेदी-विक्रीचा नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारी पोटनियमातली अट वैध ठरवली. म्हणजे 'मला विकायचे नाही' म्हणणाऱ्या मालकासमोर आजही आपल्या हातात फारसे काही नाही. घरांच्या बाजारातल्या भेदभावाविरुद्ध स्वतंत्र कायदा हवा, ही मागणी आपल्या मोर्चांच्या निवेदनात दिसत नाही. ती आली पाहिजे.

आता तरुण मित्राच्या वाक्याकडे. वस्ती सोडणे म्हणजे चळवळ सोडणे का? आमच्या तोंडावर १८ मार्च १९५६ चे आग्र्याचे भाषण फेकले जाते. शिकलेल्यांनी मला धोका दिला, ही बाबासाहेबांची वेदना खरी आहे आणि आमच्यासारख्यांनी ती रोज आठवावी. पण बाबासाहेब स्वतः कुठे राहिले, हेही आठवावे.

१९१७ मध्ये परदेशातून शिकून आलेले सव्वीस वर्षांचे भीमराव बडोद्याला नोकरीवर गेले. राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी वसतिगृहात पारशी नाव सांगून ते राहिले. होय, नाव लपवून! 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात आले आणि त्यांना घालवून दिले. एका हिंदू मित्राने जागा नाकारली, एका ख्रिस्ती मित्राने टाळले. मग ते कामाठी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. झाडे तिथेही होती. पण बागेतल्या झाडाखाली रस्त्यावर काढलेला माणूस बसला होता.

त्यानंतर परळच्या चाळीतला संसार, आणि १९३० च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह'. ती वस्ती उच्चवर्णीय, शिकल्या-सवरलेल्या लोकांची, झाडांच्या गल्ल्यांची. बाबासाहेबांनी तिथे घर बांधले आणि त्याला मगधाच्या प्राचीन राजधानीचे, पहिली धम्मसंगीती जिथे झाली त्या नगराचे नाव दिले. धर्मांतराची येवल्याची घोषणाही तेव्हा व्हायची होती. बडोद्यात ज्यांना नाव लपवावे लागले त्यांनी दादरमध्ये नाव दारावर कोरले. तिथे हजारो ग्रंथ आणले. खेड्यापाड्यातून, चाळीतून माणसे त्या घराची पायरी चढत राहिली. ६ डिसेंबर १९५६ ला महापरिनिर्वाण झाल्यावर पार्थिव दिल्लीहून राजगृहावर आणले, तेव्हा त्या गल्ल्यांत आपला समाज मावत नव्हता. २०२० च्या जुलैत त्याच घराच्या आवारात नासधूस झाली. ते घर आजही कुणाच्या तरी डोळ्यांत खुपते, याचा हाही एक पुरावा.

म्हणून मित्रा, वस्तीतून बाहेर पडणे हा गुन्हा नाही. बाबासाहेबांनी गावाला आपल्या गुलामीची जागा म्हटले आणि बाहेर पडायला सांगितले. गुन्हा आहे तो लपून बसण्याचा आणि आल्या वाटेचे दार लावून घेण्याचा. आम्ही लपलो होतो, तो आमचा गुन्हा. पण तुझ्या वाक्यातही एक खरी गोष्ट आहे आणि ती नाकारणार नाही. आमच्यासारखे दोन पगारांचे कुटुंब निघून गेले की वस्तीत अर्ज लिहून देणारा एक हात कमी होतो. बारामतीत आमराई नावाची आपली जुनी वस्ती आहे. नावात आंब्याची बाग आहे आणि वस्तीत घराला घर लागून आहे. तिथल्या सगळ्यांना कॉलनीत बंगला मिळणार नाही. एका कुटुंबाच्या घराने समाज सुटत नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचा निर्णय घेतला, ते योग्यच झाले. पण फलक बदलला आणि गटार तेच राहिले तर काय बदलले? सावली, पाणी, रुंद रस्ता, मुलांना खेळायला जागा हे वस्तीतच मिळाले पाहिजे. नगरपरिषदेच्या आणि ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात आपल्या प्रभागात झाडे किती, बाग किती, हे माहितीच्या अधिकारात विचारा. तोही घराचाच लढा आहे.

आम्ही काय करतो तेवढे सांगतो, मोठेपणासाठी नाही. वरच्या खोलीत इंदापूर तालुक्यातल्या दोन मुली राहतात, बारामतीत शिकतात. त्यांना भाड्याच्या खोलीसाठी ते चार प्रश्न ऐकावे लागत नाहीत. रविवारी पूर्वीसारखेच वस्तीत जातो, अर्ज लिहितो. हप्ता मोठा आहे, महिनाअखेर ओढाताण होते, पण धम्मदान बंद केलेले नाही.

गृहप्रवेशाला भन्तेजी आले. त्रिशरण-पंचशील झाले. कॉलनीतल्या सगळ्या घरांना आम्ही निमंत्रण दिले होते. तीन घरची माणसे आली. एका काकूंनी खीर मागून घेतली, एकांनी पाण्यालाही हात लावला नाही. बाबासाहेब आणि तथागत दिवाणखान्यात आहेत, दार उघडले की समोर. निसर्गचित्र माळ्यावर टाकले. 'तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही' म्हणणाऱ्या गृहस्थांना आम्ही त्याच फोटोखाली बसवून सांगितले, "काका, आम्ही त्यांच्यातलेच आहोत. ते असेच दिसतात."

फाटकावर पाटी लावायची तेव्हा करणाऱ्याने विचारले, नुसते आडनाव टाकू का? आम्ही पूर्ण नावे दिली आणि वर 'जय भीम' लिहायला सांगितले. आई गावाहून आली तेव्हा पाटीपाशी थांबली. तिला वाचता येत नाही. पण ती दोन अक्षरांची जोडी तिला नजरेने ओळखता येते. तिने त्यावरून हात फिरवला आणि विचारले, "आता मी बोलले तर चालंल न्हवं?"

तेव्हापासून ती आमच्याकडे राहते. संध्याकाळी कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसते आणि मोठ्याने बोलते.

तरुणांनो, घर घ्या. शहरात घ्या, चांगल्या वस्तीत घ्या, झाडे असतील तिथे घ्या. मिळत नसेल तर लेखी मागा, पोच घ्या, लढा. आणि घेतल्यावर पाटी लावा.

जय भीम!